वीज जोडताना, वीज तोडताना

इन्व्हर्टरची जाड केबल बॅटरीच्या टोकाला टेकवली की ‘फट्’ असा आवाज होतो आणि निळसर ठिणगी उडते. घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी बदलणाऱ्या प्रत्येक वायरमनने ती पाहिलेली असते आणि ‘एवढी ठिणगी उडायचीच’ असे घरमालकाला सांगितलेलेही असते. दोन-चार वर्षांतून एकदा उडणारी ती ठिणगी बहुतेक वेळा निभावून जाते. पण तीच ठिणगी लिथियम बॅटरीवर चालणाऱ्या बोटीत, कॉन्टॅक्टरच्या, म्हणजे कॉइलवर चालणाऱ्या मोठ्या स्विचच्या, सीलबंद पोटात, कुणाला न दिसता रोज उडू लागली तर काय होईल? हे पुस्तक या प्रश्नापासून सुरू होते.

इन्व्हर्टरच्या आत, बॅटरीच्या बाजूला, मोठे कपॅसिटर बसवलेले असतात. ४८ व्होल्टचा म्हटला जाणारा, प्रत्यक्षात ५१.२ व्होल्टचा संच घेऊ आणि कपॅसिटर १०,००० मायक्रोफॅरडचे धरू. रिकामा कपॅसिटर पहिल्या क्षणी शॉर्टसारखाच वागतो. बॅटरी, केबल आणि जोड यांचा एकूण रोध १५ मिलिओहम असेल, तर प्रवाहाचा कागदावरचा हिशेब ३,४०० अँपिअरच्या घरात जातो. केबलच्या इंडक्टन्समुळे तो प्रत्यक्षात काहीसा कमी भरतो आणि मिलिसेकंदभरात ओसरतोही. अडचण अशी की कॉन्टॅक्टरचे पॉइंट एकमेकांवर आपटून किंचित उसळतात ते नेमके याच वेळी. उसळीत बारीक फट पडते, फटीत आर्क पेटतो, धातूचा पृष्ठभाग वितळतो आणि पॉइंट पुन्हा मिटतात तेव्हा ते चिकटून बसतात.

चिकटलेला कॉन्टॅक्टर वरून अगदी ठणठणीत दिसतो. दिवे लागतात, फ्रिज चालतो, पंप पाणी खेचतो. मग कधीतरी एखाद्या सेलचा व्होल्टेज मर्यादेपलीकडे जातो, बीएमएस, म्हणजे सेलांवर लक्ष ठेवणारी यंत्रणा, कॉन्टॅक्टरच्या कॉइलचा पुरवठा काढून घेते आणि पॉइंट मात्र जागचे हलत नाहीत. ज्या एका क्षणासाठी कॉन्टॅक्टर बसवला होता, त्याच क्षणी तो निकामी ठरतो.

प्रीचार्ज हा यावरचा साधा उपाय आहे. मुख्य कॉन्टॅक्टर जोडण्याआधी, समजा, ५० ओहमच्या रेझिस्टरमधून कपॅसिटर भरू द्यायचे. वरच्याच उदाहरणात सुरुवातीचा प्रवाह १ अँपिअरच्या आसपास राहतो. अर्ध्या सेकंदात कपॅसिटर ६३ टक्के भरतो, अडीच सेकंदांत ९९ टक्क्यांच्या वर जातो. त्यानंतर मुख्य कॉन्टॅक्टर मिटतो तेव्हा दोन्ही बाजूंतला फरक अर्ध्या व्होल्टहूनही कमी असतो. या सगळ्यात रेझिस्टरमध्ये जिरणारी ऊर्जा जेमतेम १३ ज्यूल. एक रेझिस्टर, एक लहान रिले आणि थोडा धीर एवढ्यावर काम भागते. तरीही हौशी मंडळींनी स्वतः बसवलेल्या संचांत सर्वांत जास्त वेळा राहून जाते ते हेच.

सुट्या भागांच्या यादीने बोट सुरक्षित होत नाही, हा या पुस्तकाचा मध्यवर्ती विचार आहे. सुरक्षा क्रमात असते: जोडताना आधी काय आणि मग काय, तोडताना आधी कोणाला कळवायचे आणि मग काय. कॉन्टॅक्टर कितीही महागाचा घेतला आणि क्रम चुकला, तर त्याचे मोल उरत नाही.

पाण्यावर बॅटरीने बोट चालवणे हे काही लिथियमच्या काळातले नवल नव्हे. मॉरिट्झ याकोबीने १८३८ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या नेवा नदीत विद्युत मोटरवर बोट चालवून दाखवली होती. गुस्ताव्ह त्रूव्हे याने १८८१ मध्ये पॅरिसच्या सेन नदीवर आपली काढता-घालता येणारी मोटर आणली. डिझेल इंजिन त्यानंतरचे. वीज तोडण्याची विद्या मात्र पाण्यापेक्षा रुळांवर जास्त वाढली, आणि इथे मराठी वाचकाचा या विषयाशी खराखुरा संबंध येतो. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला ही विजेवरची गाडी १,५०० व्होल्ट डीसीवर धावली आणि पुढे नव्वद वर्षांहून अधिक काळ मुंबईची उपनगरी रेल्वे कुठे ना कुठे डीसीवर चालत राहिली. हार्बर मार्गावरचे रूपांतर २०१६ मध्ये पुरे झाले. एसीचा प्रवाह ५० हर्ट्झला सेकंदातून शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे पॉइंट उघडताना पेटलेला आर्क आपोआप विझण्याची संधी मिळते. डीसीला असा शून्य नाही. तो आर्क ओढून, ताणून, थंड करूनच तोडावा लागतो. म्हणून रेल्वेच्या कॉन्टॅक्टरांना चुंबकीय ब्लो-आउट कॉइल आणि आर्क-शूट आले. कारशेडमध्ये काळवंडलेले पॉइंट घासणाऱ्या कामगारांच्या पिढ्यांना डीसीचा हा हट्टी स्वभाव पाठ्यपुस्तकाआधी हाताने ठाऊक होता.

आज बोटीवर बसणारा तळहाताएवढा सीलबंद कॉन्टॅक्टर हा त्याच घराण्यातला. पॉइंटभोवती हवेऐवजी दुसरा वायू भरलेला किंवा निर्वात पोकळी, आणि आर्क बाजूला ढकलायला आतच कायमचे चुंबक. या चुंबकांमुळे अशा बऱ्याच कॉन्टॅक्टरांना दिशा असते. प्रवाह ठरलेल्या बाजूने वाहत असेल तरच ते पूर्ण क्षमतेने तोडतात. बॅटरीत प्रवाह चार्जिंगला एका बाजूने आणि लोडला दुसऱ्या बाजूने वाहतो, तेव्हा सर्वांत वाईट प्रसंगी तो कोणत्या बाजूने असेल याचा विचार जोडणीआधीच करावा लागतो. टर्मिनलजवळचे अधिक-उणे चिन्ह पाहून केबल कसण्याइतके ते सोपे नाही.

प्रीचार्जची वाट थोडी वेगळी. कारखान्यांतल्या मोटर-ड्राइव्हमध्ये मोठे कपॅसिटर आले, तेव्हा ते हळू भरण्याची गरज निर्माण झाली. १९९७ च्या टोयोटा प्रियसमध्ये बॅटरी जोडण्यासाठी तीन रिले होते आणि त्यांतल्या एकाच्या वाटेत रेझिस्टर होता. त्यानंतरच्या विद्युत मोटारींत ही मांडणी नेहमीचीच झाली. बोटींनी ती मोटारींकडून घेतली.

बॅटरीचे रसायन याच काळातले. टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या गटात अक्षय पाधी या भारतीय संशोधकाने लिथियम आयर्न फॉस्फेटवर काम केले. त्यांचा निबंध १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. गुडइनफ यांना २०१९ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले, ते लिथियम-आयन बॅटरीच्या एकूण कार्यासाठी. फॉस्फेटचा सेल तापला तरी इतर लिथियम रसायनांइतक्या सहज भडकत नाही, म्हणून लांबच्या सफरींवर राहणाऱ्या शिडाच्या बोटींनी त्याला पसंती दिली. पण सहज न भडकणे म्हणजे निरुपद्रवी असणे नव्हे. २८० अँपिअर-तासाच्या चांगल्या सेलचा अंतर्गत रोध पाव मिलिओहमच्या आसपास असतो. चार सेल ओळीत जोडले की १२.८ व्होल्ट आणि १ मिलिओहम, म्हणजे पूर्ण शॉर्टमध्ये १२,८०० अँपिअरचा हिशेब. सोळा सेल जोडले तर व्होल्टेज चौपट, रोधही चौपट, आकडा तोच. केबल आणि जोडांमुळे तो खाली येईल, पण ३२ व्होल्टपर्यंत ६,००० अँपिअर तोडण्याची हमी असलेला एएनएल फ्यूज इथे पुरेसा नाही, हे त्यावरून दिसतेच. क्लास-टी फ्यूज २०,००० अँपिअरपर्यंत तोडू शकतो. असे दोन संच समांतर जोडले की एकत्र हिशेब २५,६०० वर जातो, तेव्हा प्रत्येक संचाला त्याचा स्वतःचा फ्यूज हवा. कॉन्टॅक्टर आणि फ्यूज यांची कामे वेगळी आहेत. शॉर्टमधला असा महापूर तोडणे हे कॉन्टॅक्टरचे काम नाही. तो फ्यूजच्या आधी उघडायला गेला तर फुटूही शकतो.

या क्षेत्रात आज ढोबळपणे चार विचार नांदतात, आणि त्यांच्या पुरस्कर्त्यांत चांगलेच मतभेद आहेत.

पहिला विचार तयार बॅटरीचा. बीएमएस डब्यातच, तोडण्याचे काम मॉसफेट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच, करतात. शिशाची बॅटरी काढून त्याच जागी बसवायची. सोपे आणि स्वस्त. पण मॉसफेट बिघडतो तेव्हा बरेचदा शॉर्ट होऊन बिघडतो, म्हणजे उघडायचा तिथे जोडलेलाच राहतो. शिवाय अशा कित्येक बॅटऱ्या आतल्या आत निर्णय घेतात आणि बाहेर कुणाला कळवत नाहीत.

दुसरा विचार सुटे सेल, बाहेरची बीएमएस आणि एकच मुख्य कॉन्टॅक्टर यांचा. वायरिंग कमी, दोष शोधायला सोपे. उणीव अशी की बॅटरी जास्त चार्ज झाली म्हणून तोडायची वेळ आली तरी लोडही त्याबरोबर जातो. रात्रीच्या वेळी, वाऱ्यात, चार्जरच्या एका चुकीपायी नौकेचे दिवे, व्हीएचएफ रेडिओ आणि ऑटोपायलट एकदम बंद पडतात.

त्यातून तिसरा विचार निघाला: दोन बसबार, दोन कॉन्टॅक्टर, एक चार्जिंगसाठी आणि एक लोडसाठी. बॅटरी भरून वाहू लागली तर फक्त चार्जिंगची बाजू तोडायची, खाली गेली तर फक्त लोडची. कागदावर हे फार देखणे दिसते. पण इन्व्हर्टर-चार्जर एकाच यंत्रात चार्जही करतो आणि वीजही घेतो, मग त्याला कोणत्या बसवर टाकायचे? आणि सोलर कंट्रोलर पॅनेलला जोडलेला असताना त्याची बॅटरीच काढून घेतली, तर काही कंट्रोलर त्यातच जळतात. दोन कॉन्टॅक्टर म्हणजे प्रीचार्जचे प्रश्नही दोन.

चौथ्या विचाराच्या मंडळींना कॉन्टॅक्टरवर यायची वेळच येऊ नये असे वाटते. बीएमएस आधी चार्जरला ‘थांब’ असा संकेत देते, इन्व्हर्टरला बंद करते, अल्टरनेटरच्या रेग्युलेटरला फील्ड काढायला सांगते. एवढे करूनही सेल सावरला नाही, तरच कॉन्टॅक्टर उघडतो, आणि उघडतो तेव्हा त्यातून वाहणारा प्रवाह जवळजवळ शून्य असतो. या पुस्तकाचा कल स्पष्टपणे याच बाजूला आहे. या ओळी लिहिणाऱ्यालाही तोच योग्य वाटतो.

याचे सर्वांत ठोस कारण अल्टरनेटर. इंजिन चालू आहे, अल्टरनेटर शंभर अँपिअर ओततो आहे आणि बीएमएस अचानक बॅटरी तोडते. फील्डमधले चुंबकत्व त्या क्षणी नाहीसे होत नाही. प्रवाहाला जायला जागा उरत नाही आणि व्होल्टेज उसळतो. मोटारींच्या विद्युत उपकरणांसाठीच्या आयएसओ १६७५०-२ या मानकात १२ व्होल्टच्या यंत्रणेसाठी या उसळीची चाचणी ७९ ते १०१ व्होल्ट आणि ४० ते ४०० मिलिसेकंद अशी ठरवली आहे. एवढ्यात अल्टरनेटरचे डायोड जातात, आणि त्याच बसवर जीपीएस किंवा रेडिओ असेल तर तोही. म्हणून कुणी अल्टरनेटर शिशाच्या स्टार्टर बॅटरीलाच जोडलेला ठेवतात आणि तिथून डीसी-डीसी चार्जरने लिथियम भरतात. वेग थोडा कमी मिळतो, पण अल्टरनेटरला कायम टेकू राहतो. अनेक मध्यम बोटींसाठी हाच शहाणपणाचा मार्ग आहे.

समुद्रावर वीज तोडणे हाच एक धोका असू शकतो, ही गोष्ट जमिनीवरच्या विद्युत-विचारात सहसा येत नाही. घरात शंका आली की मेन स्विच पाडतात. ते बरोबरच असते. खडकाळ किनाऱ्यालगत, मागून भरतीचा लोंढा असताना, विद्युत मोटरवर चाललेल्या बोटीचा मेन स्विच पाडणे म्हणजे तिला खडकांच्या हवाली करणे. अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलच्या ई-१३ या मानकात तोडण्याआधी दिसेल किंवा ऐकू येईल असा इशारा देण्याची अपेक्षा आहे, ती यासाठीच. हे मानक २०२२ मध्ये स्वीकारले गेले. त्याआधी २०२१ मध्ये लहान नौकांवरील लिथियम-आयन बॅटऱ्यांसाठी आयएसओचा २३६२५ हा दस्तऐवज आला. बोटींवर लिथियम बसू लागल्यानंतर बऱ्याच वर्षांनी नियम आले. मधल्या काळातले ज्ञान गोद्यांमध्ये आणि नांगरलेल्या बोटींवर एकमेकांना विचारत गोळा झाले आहे.

दोन नॉर्वेजियन घटना या विषयात वारंवार सांगितल्या जातात. ऑक्टोबर २०१९ मध्ये ‘युटरओयनिंगेन’ या फेरीच्या बॅटरी-खोलीत आग लागली. प्रवासी आणि खलाशी सुखरूप उतरले, पण दुसऱ्या दिवशी साचलेल्या वायूंचा स्फोट झाला आणि अग्निशमन दलाच्या जवानांना रुग्णालयात न्यावे लागले. गळलेल्या शीतक द्रवामुळे आर्क झाल्याची शक्यता पुढे आली. त्या वेळी बॅटरीचा बोटीच्या ऊर्जा-व्यवस्थापन यंत्रणेशी संवाद तुटलेला होता, आणि असा संवाद नसताना बोट चालवू नये असे नॉर्वेच्या सागरी प्रशासनाने सर्वांना कळवले. मार्च २०२१ मध्ये ‘ब्रिम’ ही पर्यटन-नौका ऑस्लो फिओर्डमध्ये पेटली. समुद्राचे पाणी बॅटरी यंत्रणेत शिरून आर्क झाला असावा, असा चौकशीचा निष्कर्ष होता. या बोटींचे व्होल्टेज आणि आकार पुस्तकातल्या बोटींपेक्षा खूप मोठे आहेत. तरी त्यातून घ्यायचे ते थेट आहे. कॉन्टॅक्टर उघडला म्हणजे बॅटरी ‘बंद’ झाली असे होत नाही. त्याच्या अलीकडे, सेलांच्या बाजूला, सगळा व्होल्टेज जिवंतच असतो. खारे पाणी, सैल लग, खाली टेकलेली केबल यांच्यापासून तिथे कोणताही रिले वाचवत नाही. म्हणूनच कॉन्टॅक्टरइतकीच पाने या पुस्तकाने क्रिम्पिंग, झाकणे आणि केबलच्या वाटेला दिली आहेत.

भारतात हा विषय आता दूरचा राहिलेला नाही. केरळात ‘आदित्य’ ही सौर फेरी २०१७ पासून वैकोम आणि तवणकडवू यांच्यामध्ये धावते आहे. कोचीची वॉटर मेट्रो एप्रिल २०२३ मध्ये सुरू झाली. तिच्या बोटी कोचीन शिपयार्डने बांधल्या आणि त्यांत लिथियम टायटनेट बॅटऱ्या आहेत. कोकण किनाऱ्यावरच्या मासेमारी बोटींवर अजून शिशाचीच बॅटरी दिसते. पण घराघरांतल्या इन्व्हर्टरला लिथियम लागू लागले आहे, सेल सहज मिळतात, आणि घरात बसलेली वस्तू बोटीवर जायला वेळ लागत नाही. तोपर्यंत या जोडणीचे ज्ञान मराठीत उपलब्ध असावे, ही तळमळ पुस्तकाच्या पानापानात जाणवते. मालवण किंवा रत्नागिरीच्या धक्क्यावरचा वायरमन, गोव्याच्या बोट-यार्डातला फिटर आणि परदेशी जहाजांवर इलेक्ट्रो-टेक्निकल अधिकारी म्हणून काम करणारी मराठी मुले हे तिघेही लेखकाने डोळ्यांसमोर ठेवलेले आहेत.

पुस्तकाने स्वतःला मर्यादा घातली आहे: १२, २४ आणि ४८ व्होल्ट. त्यापलीकडच्या प्रॉपल्शन यंत्रणा प्रशिक्षित हातांचे काम आहे, असे लेखक ठणकावून सांगतो आणि ते सोडून देतो. या मर्यादेत मात्र तो खोलात जातो. साधा कॉन्टॅक्टर की लॅचिंग, हा वाद त्याने जितका सविस्तर मांडला आहे तितका इतरत्र क्वचितच आढळतो. साध्या कॉन्टॅक्टरला धरून ठेवायला सतत वीज लागते. कॉइल ०.१३ अँपिअर घेत असेल तर दिवसाला ३ अँपिअर-तासांहून थोडे अधिक जातात, सोलर नसलेल्या नांगरलेल्या बोटीला ते जाणवते. लॅचिंगला धरायला जवळजवळ काहीच लागत नाही. पण बीएमएस मेली तर साधा कॉन्टॅक्टर उघडतो आणि लॅचिंग होता तिथेच राहतो. यांतले सुरक्षित कोणते, हे बोट किनाऱ्याला बांधून रिकामी ठेवायची आहे की माणसांसह खोल समुद्रात न्यायची आहे यावर ठरते. लेखक हे उदाहरणांनी पटवून देतो, एकच उत्तर सगळ्यांच्या गळ्यात मारत नाही.

प्रीचार्जच्या भागातली चुकांची चर्चा विशेष मोलाची आहे. रेझिस्टर कॉन्टॅक्टरला समांतर कायमचा जोडून ठेवणे ही त्यातली सर्वांत फसवी चूक. मुख्य कॉन्टॅक्टर उघडला तरी त्या वाटेने बॅटरी गळत राहते, आणि आधीच तळाला गेलेले सेल हळूहळू मरतात. म्हणून प्रीचार्जच्या वाटेला स्वतःचा रिले आणि फ्यूज हवा. दुसरी चूक म्हणजे लोड चालू ठेवून प्रीचार्ज करणे. मग कपॅसिटरचा व्होल्टेज वर चढतच नाही, ५० ओहमच्या रेझिस्टरवर पन्नासेक वॉट सतत जिरतात आणि तो जळतो. केवळ टायमर लावून भागत नाही, पलीकडचा व्होल्टेज खरोखर चढला का हे पाहूनच मुख्य कॉन्टॅक्टरला परवानगी द्यायची. छोट्या संचासाठी जुन्या पद्धतीचा पिवळ्या उजेडाचा फिलामेंट बल्ब रेझिस्टर म्हणून वापरण्याची युक्तीही इथे आहे: तो क्षणभर उजळून विझला तर पुढे जा, पेटता राहिला तर पलीकडे काहीतरी चालू आहे किंवा शॉर्ट आहे.

कॉन्टॅक्टरच्या कॉइलवर लावायच्या डायोडचा मुद्दाही असाच, सहसा कुणी सांगत नाही असा. साधा डायोड लावला की कॉइलमधली ऊर्जा सावकाश विरते, पॉइंट हळू उघडतात आणि तेवढा वेळ आर्क टिकतो. झेनर किंवा टीव्हीएस लावला की ते झटक्यात उघडतात. आधीच आत सप्रेशन असलेल्या कॉन्टॅक्टरवर बाहेरून आणखी डायोड चढवणाऱ्यांनी ती दोन पाने दोनदा वाचावीत.

उच्च व्होल्टेजच्या बोटींबद्दल थोडे अधिक यायला हवे होते, आणि मोटारींतून काढलेल्या जुन्या बॅटऱ्यांचा विषय जरा घाईने आटोपला आहे. त्यांचे रसायन बहुधा फॉस्फेटचे नसते आणि त्या स्वस्तात मिळतात म्हणूनच त्यांच्याबद्दल जास्त सांगायला हवे. पुढच्या आवृत्तीत ही भर पडेल अशी अपेक्षा आहे.

पुस्तकाच्या शेवटी चाचण्यांचा एक तक्ता दिला आहे, तो प्रत काढून बॅटरीच्या झाकणाआड ठेवण्यासाठी. त्यात प्रत्येक हंगामाच्या सुरुवातीला कॉन्टॅक्टर मुद्दाम उघडून पलीकडचा व्होल्टेज खरोखर पडतो का हे मल्टीमीटरने तपासायचे आहे, प्रीचार्जला लागलेला वेळ मागच्या नोंदीशी ताडायचा आहे, इशारा देणारा बझर सुकाणूजवळ इंजिनच्या आवाजात ऐकू येतो का हे पाहायचे आहे, आणि तपासणाऱ्याचे नाव व तारीख लिहायची आहे.